आजीची सेवापुस्तिका हाती आली आहे. तिच्यातून आजी कशी लिहावी?

बेळगावहून एक नात
सर्वांना नमस्कार. माझी आजी खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत शिक्षिका होती. जून १९५६ मध्ये ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये निवृत्त झाली. तिच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी आणि तिच्या विद्यार्थ्यांसाठी आठवणींची छोटी पुस्तिका काढावी, असे आम्ही ठरवले आहे. लिहायला बसले की मात्र ‘शिस्तप्रिय, प्रेमळ, मनमिळाऊ’ एवढेच शब्द सुचतात आणि ते कोणाच्याही आजीला लागू पडतील. स्वतःविषयी ती फारसे बोलली नाही. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत सेवापुस्तिका, काही टाचणवह्या आणि कन्नड शब्दांची एक वही आहे. एवढ्यावरून तिचे आयुष्य कसे लिहावे?

निपाणीचे एक निवृत्त शिक्षक
ताई, सेवापुस्तिका बाजूला ठेवू नका, ती सावकाश वाचा. बाई लागल्या तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. पाचच महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो म्हैसूर राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. एका बाईंनी त्याच तालुक्यात राहून तीन नावांच्या राज्यांची नोकरी केली, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांची आहे, पण ती कोणी घरात सांगून ठेवली नाही. बदल्यांच्या नोंदींतून गावे काढा आणि पावसाळ्यात त्या तिथे कशा पोहोचत असतील, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. रजांच्या नोंदीही चाळा. बाळंतपणाच्या रजेत आपल्या वडिलांचा जन्म सापडेल.

खानापूर तालुक्यातील एक माजी विद्यार्थी
मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या बाई आपल्या आजी होत्या की नाही, ते ठाऊक नाही. पण त्या काळच्या बाई कशा होत्या, ते सांगू शकतो. जुलैत भाताच्या लावणीला आम्ही सगळी मुले आईबापांबरोबर शेतात असायचो आणि वर्ग ओस पडायचा. बाईंनी त्यासाठी कोणाचे नाव कमी केले नाही. आम्ही परतलो की त्या विचारायच्या, तरव्याच्या किती मुठी उचलल्यास, एका ओळीत किती रोपे लावलीस. आणि त्याच आकड्यांवर गुणाकार शिकवायच्या. सातचा पाढा मला चिखलासकट आठवतो.

एक विनंती आहे. आठवणी केवळ विद्यार्थ्यांकडून घेऊ नका, त्यांच्या आयांकडूनही घ्या. घरचा पुरुष गोव्याला किंवा मुंबईला कामाला गेलेला असे, त्याचे पत्र वाचून दाखवणे आणि उत्तर लिहून देणे हे बाईंकडेच असे. आमच्या आईने वडिलांना जे लिहवले, ते आईखेरीज फक्त बाईंना माहीत होते, आणि त्यांनी ते कधी कोणाला कळू दिले नाही. त्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा उशीर करू नका.

बेळगावहून एक नात
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सेवापुस्तिका वाचली. बाबांच्या जन्माची रजा सापडली. रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आजी नदीपलीकडच्या गावी नव्या शाळेत हजर झाल्याची नोंद आहे. ते तान्हे मूल कोणाजवळ होते, हे आता बाबांच्या मोठ्या आत्याला विचारणार आहे.

कन्नडची वहीही नीट पाहिली. मला वाटत होते की ती खात्याच्या कागदपत्रांसाठी केलेली असावी, आणि सुरुवातीची पाने तशीच आहेत : आदेश, रजा, वेतन. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ या शब्दांसमोर तिने अर्थ लिहिलेला नाही, ‘हे आपलेच’ एवढेच लिहिले आहे. पुढे मात्र शाई बदलते आणि शब्दही बदलतात : मांजर, छत्री, पाऊस, माझी शाळा. ते माझ्या पहिलीच्या पुस्तकातले आहेत. मी कन्नड माध्यमात जाऊ लागले तेव्हा आजी निवृत्त झालेली होती, आणि रोज संध्याकाळी ती माझा अभ्यास घ्यायची. त्याआधी दुपारी तीही तो करत होती, हे मला काल कळले. पुस्तिकेची सुरुवात मी याच पानांपासून करते आहे. रविवारी नदीपलीकडच्या गावी जाऊन येईन.