98 टक्के सल्फ्युरिक ॲसिडची लाईन: एमएस, 316 स्टेनलेस की टेफ्लॉन लाईन्ड (आतून टेफ्लॉनचं अस्तर)?

बुटीबोरी_मेंटेनन्स:
मंडळी, सल्ला पाहिजे. आमच्याकडे 98 टक्के सल्फ्युरिक टँकरमधून स्टोरेज टाकीत अन् तिथून पंपाने डे टँकला (रोजच्या वापराच्या छोट्या टाकीला) जातं. लाईन एमएसची (साध्या पोलादाची), 50 एनबी (साधारण 50 मिमी व्यासाची) शेड्यूल 80 (जाड भिंतीची), पंप ताशी 10 घनमीटरचा. पंपानंतरचा पहिलाच एल्बो सारखा गळतो, वेल्डिंग मारून मारून वैताग आलाय, सरळ पाईप मात्र ठणठणीत. साहेब म्हणतात सगळं पीपीत (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) करून टाका, सप्लायर म्हणतो एसएस 304 स्टेनलेस. बॉल व्हॉल्व्हच्या ग्लँडमधूनही (दांड्याभोवतीच्या सीलमधूनही) पाझर आहे. बजेट बेताचंच.

तारापूरवाला:
पीपी डोक्यातून काढा भाऊ. पातळ ॲसिडला झकास, पण 98 टक्क्याला ते ऑक्सिडाइज होऊन ठिसूळ होतं आणि तडकतं, तेही नेमकं माणूस खाली उभा असताना. एमएसचा दोष नाही, वेगाचा आहे. एमएस तग धरतं ते आत बसलेल्या आयर्न सल्फेटच्या थरामुळे, तो थर मऊ असतो, ॲसिड जोरात गेलं की धुऊन जातो आणि कोरं लोखंड उघडं पडतं. म्हणून एमएसमध्ये सेकंदाला साधारण 0.9 मीटरच्या आत ठेवतात. तुमच्या 50 एनबीत 10 घनमीटर म्हणजे 1.45 च्या आसपास, एल्बोत घुसळण आणखी जास्त. 80 एनबी केलंत तर तोच पंप 0.65 वर येतो. एल्बो लाँग रेडियस घ्या.

जुना_फिटर:
वरचं बरोबर, पण नागपूरकडचा मे महिना धरला का? 40 अंशांच्या वर एमएस झपाट्याने खातं आणि उन्हातल्या रॅकवर उभं राहिलेलं ॲसिड तेवढं सहज तापतं. त्यात आडव्या पाईपमध्ये ॲसिड थांबून राहिलं की हायड्रोजनचे बुडबुडे वरच्या बाजूने सरकतात आणि तिथलाच थर खरवडतात. असा पाईप कापून बघा, खालचा भाग जवळपास नवा आणि छताला लांब चर पडलेली. जाडी मोजणारे खालून मोजून ओके लिहून जातात. मी असतो तर पंपापासून पहिले एल्बो टेफ्लॉन लाईन्ड किंवा 316एल, पुढे 80 एनबी एमएस आणि वर सावलीला पत्रा. 304 वर पैसे घालू नका.
आणि ते वेल्डिंग! लाईनीत, टाकीत हायड्रोजन साठतो भाऊ, रिकामी करून, नायट्रोजनने हाकलून, गॅस टेस्ट झाल्याशिवाय ठिणगी नको. पाण्याने नुसती खळखळून ठेवून देऊ नका, राहिलेलं ॲसिड पातळ झालं की एमएस झपाट्याने खातं.

लोटे_व्हॉल्व्ह:
व्हॉल्व्हमध्ये कंजुषी नको, वेग तिथेच सगळ्यात जास्त असतो. बंद-चालूला पीएफए (टेफ्लॉनच्याच जातीचं प्लास्टिक) लाईन्ड बॉल किंवा प्लग, आणि जिथे अर्धवट उघडून फ्लो कमी-जास्त करता तिथे अलॉय 20 (निकेलचा मिश्रधातू) चा ग्लोब व्हॉल्व्ह. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोकळीत ॲसिड अडकतं, तापलं की फुगून सीट उचलतं, म्हणून धातूच्या बॉलला आवक बाजूने बारीक भोक असलेला घ्या. मग बाण बघूनच बसवायचा, उलटा बसवला तर बंद करूनही सुटतो. ग्लँड पॅकिंग आणि गास्केट टेफ्लॉनचं. नायट्रिल, ईपीडीएम, पितळ यातलं काहीच नको. फ्लँजला (पाईपच्या बोल्टच्या जोडाला) गळतीचा फवारा अडवणारं टेफ्लॉनचं गार्ड लावा. लाईन्ड पाईपला अस्तरामागचा वायू सुटायला बाहेर छोटी भोकं असतात, पेंटर ती बुजवतात, त्याच्यावर नजर ठेवा.

डीएम_ऑपरेटर:
डे टँकवरून ॲसिड डीएम प्लांटला (पाण्यातले क्षार काढणाऱ्या प्लांटला) जात असेल तर ॲसिडात पाणी मिसळतं तो टी (तीन तोंडांचा जोड) नीट बघा. तिथे 98 पासून 4-5 टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्या वीतभर जागेत होतात, वर उष्णता वेगळी. तो टेफ्लॉन लाईन्डच हवा, पुढे रबर लाईन्ड चालतं.

बुटीबोरी_मेंटेनन्स:
80 एनबीचा अन् लाईन्ड एल्बोचा रेट मागवतो, 1.45 चा आकडा साहेबांपुढे ठेवला की पीपीचं भूत उतरेल. टाकीच्या ब्रीदरमधलं (हवा आत-बाहेर जायच्या तोंडातलं) ओलावा शोषणारं सिलिका जेल आत्ताच जाऊन पाहिलं, पूर्ण गुलाबी, म्हणजे ओलाव्याने भरलेलं.

जुना_फिटर:
मग पाईपच्या आधी ते बदला, आजच.