मदत हवी आहे: घारापुरीच्या किनाऱ्याचं सौंदर्य मोजताना चिखलाला आणि तिवरांना (खारफुटीला) गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी,

मी उरण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. पावसाळा संपल्यावर पाच विद्यार्थ्यांना घेऊन घारापुरी बेटाच्या किनाऱ्याचं दृश्यसौंदर्य मोजायला घेतलं आहे. तिथली लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. आम्हाला मात्र बेटाच्या कडेची नोंद करायची आहे. कुठला भाग आहे तसाच राखायला हवा, कुठे बिघडलंय, काय सुधारता येईल, हे एका नकाशावर यावं असं वाटतं. बेटावरच्या काही तरुणांनाही तो नकाशा हवा आहे. बांधकामाचा विषय निघाला की "इथे नको, तिथे चालेल" हे सांगताना हातात काही ठोस असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पद्धत वापरतोय ती एर्गिन, विल्यम्स, मिकालेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली. तिच्यात २६ घटक आहेत. कडा, वाळू, खडक, टेकड्यांची रेषा, पाण्याचा रंग असे १८ निसर्गाचे, तर कचरा, सांडपाणी, आवाज, इमारती, विजेचे खांब वगैरे ८ माणसाचे. प्रत्येकाला १ (सर्वांत वाईट) ते ५ (सर्वांत चांगलं) गुण द्यायचे, मग भारांक (कुठल्या घटकाला किती महत्त्व) आणि फझी लॉजिक (काठावरच्या, अंदाजाच्या गुणांना सामावून घेणारं गणित) वापरून 'डी' हा आकडा काढायचा. ०.८५ किंवा त्याहून जास्त आला तर किनारा पहिल्या वर्गात, शून्याच्या खाली गेला तर पाचव्या.

गाडी अडली ती पहिल्याच दिवशी, ओहोटीच्या वेळी. गढूळ तपकिरी पाण्याला १ गुण. भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर असेल तर १, आणि आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) तो सहज चारच्या वर जातो. वाळूच्या जागी चिखल असेल तर २. म्हणजे बेटावर कुणी एक वीट रचण्याआधीच किनारा नापास! तिवरांवरून तर आमच्यात वादच झाला. दोघांनी त्यांना 'पाणथळ' म्हणून ३ दिले, दोघांनी 'वाढलेली झाडं' म्हणून ५. शिवाय तिवरांच्या पानाफांद्यांचा किनाऱ्यावर साचलेला थर 'वनस्पतींचा कचरा' या घटकात गुण कमी करतो, आणि खेकड्यांचं पोट त्याच थरावर भरतं. ज्या ठिकाणी मला स्वतःला सर्वांत जास्त थांबावंसं वाटलं, तिवरांच्या मुळांमध्ये निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत होत्या आणि काठाला बगळे उभे होते, तिथला तक्ता सर्वांत खराब दिसतोय. हे मनाला पटत नाही.

दुसरी अडचण समोरच्या दृश्याची. एका बाजूने न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, दुसरीकडे बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या. त्या बेटावर नाहीत, पण बेटावरून दिसतात. त्यांचे गुण घारापुरीच्या माथी मारायचे का?

भारांक आपल्या किनाऱ्यासाठी बदलणं शास्त्रीयदृष्ट्या चालेल का? आणि तिवरांचा निर्णय कसा घ्यावा? कुणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. विद्यार्थ्यांचे तक्ते अजून पक्के केलेले नाहीत, त्यामुळे बदल करायला वाव आहे.

— खाजणकाठ

प्रतिसाद: भूरूपी

खाजणकाठ, चांगलं काम हाती घेतलंय. मी ही पद्धत कोकणातल्या पुळणींवर वापरली आहे, बेटावर नाही, तरी सांगतो.

भारांकांना हात लावू नका. ते तुर्कस्तान, माल्टा, क्रोएशिया, ब्रिटन अशा ठिकाणच्या लोकांना विचारून ठरले, म्हणून तिथल्या डोळ्यांची आवड त्यात उतरली आहे. हे अहवालात स्पष्ट लिहा, पण मूळ 'डी' तसाच काढा. आता गंमत बघा: गढूळ पाणी आणि मोठी भरती बेटाच्या सगळ्या बाजूंना सारखीच आहे. ती सगळ्या तुकड्यांना सारखंच खाली ओढते, तुकड्यांचा आपसातला क्रम फारसा बदलत नाही. व्यवस्थापनाला क्रमच हवा असतो. याच पद्धतीने क्युबाचे किनारे मोजले गेले आहेत, पण त्यांच्या आकड्याशेजारी घारापुरीचा आकडा ठेवून कुणी काही सिद्ध करू लागलं, तर मात्र तो अन्याय होईल.

तिवरांना ३ की ५ हे आधी ठरवून लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. फझी गणित शेजारच्या गुणाची गफलत बरीचशी सामावून घेतं, दोन पायऱ्यांची नाही. तोडलेली, खुरटलेली तिवरं आणि उंच दाट तिवरं यांना वेगळे गुण देता येतील. समोरच्या क्रेनसाठी क्षितिजाचा गुण दोनदा काढा, त्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा. जो फरक येईल तो बेटावरच्यांच्या हातात नाही, हे नकाशावर दिसलंच पाहिजे.

खरा उपयोग पुढे आहे. निसर्गाचे १८ घटक आपण बदलू शकत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी कचऱ्याचा गुण ५ धरून 'डी' पुन्हा काढा, मग सांडपाण्याचा, मग खांब आणि तारांचा. आकडा जिथे सर्वांत जास्त उडी मारेल, तिथे आधी काम करायचं.

आणि या आकड्यावरच थांबू नका. डॅनियल आणि बोस्टर यांनी १९७६ मध्ये छायाचित्रांवरून लोकांकडून गुण घेण्याची पद्धत मांडली, ती जोडीला घ्या. डोळ्याच्या उंचीवरून, एकाच भिंगाने, एकाच भरतीच्या वेळी फोटो काढा. बेटावरचे लोक आणि पर्यटक यांचे गुण वेगवेगळे घ्या. काही जण सढळ हाताने गुण देतात, काही हात आखडून, म्हणून प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघा.

प्रतिसाद: मोऱ्याचा

ताई, माझी आजी बेटावरच्याच राजबंदर गावची. तुम्ही ज्याला चिखल म्हणता तिथे ती कालवं काढायची, चिंबोऱ्या धरायची. बेटावरच्या म्हाताऱ्या बायकांना फोटो दाखवा, त्या चिखलाला कमी गुण देणार नाहीत.

कचऱ्याबद्दल एक विनंती. पावसाळ्यानंतर तिवरांच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक बघाल तर त्यातलं बरंचसं खाडीतून वाहत आलेलं असतं. जेट्टीजवळचा कचरा पर्यटकांचा. दोन्हीला एकच गुण दिलात तर दोष गावाच्या नावावर जाईल. तक्त्यात 'कुठून आला' असा एक रकाना वाढवा.

घरं आणि टपऱ्यांचंही तसंच. वीज आली २०१८ ला, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी लोकांनी जनरेटरवर दिवस काढले. आता खांबामुळे सौंदर्य कमी झालं असं कागदावर आलं तर लोकांना लागेल. खांब काढा असं न लिहिता तारा जमिनीखालून नेता येतील का, असं लिहा.

प्रतिसाद: खाजणकाठ

भूरूपी, मोऱ्याचा, दोघांचे मनापासून आभार. काल विद्यार्थ्यांबरोबर बसून ठरवलं: मूळ 'डी' तसाच, दाट तिवरांना ५ आणि खुरटलेल्यांना ३, क्षितिज दोन प्रकारे, कचऱ्याला उगमाचा रकाना. खांबांबद्दलची सूचना शब्दशः घेतली आहे.

सीआरझेड २०१९ (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम) मध्ये मुख्य किनाऱ्याजवळच्या बेटांसाठी भरतीरेषेपासून फक्त २० मीटर ना-विकास पट्टा आहे, आणि हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरांभोवती ५० मीटरचा. नकाशावर या दोन्ही रेषा टाकणार आहोत, म्हणजे चांगल्या दृश्याचा कुठला तुकडा कायद्याच्या संरक्षणाबाहेर उघडा पडतो ते कळेल.

आता एकच गोष्ट अडली आहे. फोटो उधाणाच्या ओहोटीला काढावेत की भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या)? अमावास्येला चिखल पार लांबपर्यंत उघडा पडतो, अष्टमीला पाणी बरंचसं काठाशीच राहतं, आणि दोन्ही दिवशी बेट वेगळं दिसतं. मोऱ्याचा, आजी कालवांना कुठल्या तिथीला जायची, ते विचारून सांगाल का?