नाल फक्त पाच टक्के, मग टेबलावरचे साडेचार हजार गेले कुठं?

विश्रामबागकर: मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दर शनिवारी एका ओळखीच्याच्या गच्चीवर आम्ही आठ जण पोकर खेळतो. प्रत्येकी २,००० घेऊन बसतो. जागावाला चहा-भडंग देतो आणि प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशातून, पाच टक्के नाल (जागेचा वाटा) काढतो, वर मर्यादा नाही. परवा मी वहीत डाव मांडत गेलो. तासाला साधारण २५ डाव, सरासरी पॉट ६००. मध्ये कुणी खिशातून नवे पैसे टेबलावर आणले नाहीत, तरी सहा तासांनी १६,००० चे ११,५०० उरले. माझं कुठं चुकलं का?

मिरजेचा पाहुणा: हिशेब बरोबर आहे दादा. डावाला ३० रुपये, दीडशे डाव, झाले ४,५००. हळदीचं पोतं एकदा विकलं की अडत एकदाच कापली जाते. इथं तेच १६,००० रात्रभर या पॉटातून त्या पॉटात फिरतात आणि प्रत्येक फेरीला कात्री लागते. नाल तुमच्या २,००० वर नाही, ९०,००० च्या उलाढालीवर बसली.

सातारा_राजवाडा: आमच्याकडं पॉटला १५ रुपयांच्या वर नाल नाही, आणि फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं, पडायच्या आत डाव संपला तर एक पैसाही नाही. तुमच्या रात्रीला हा नियम असता तर जास्तीत जास्त २,२५० गेले असते. काही ठिकाणी तासाला ठरलेली रक्कम घेतात. पण मग जपून खेळणाऱ्यालाही सैल खेळणाऱ्याइतकीच पडते. पॉटमधली नाल निदान जिंकणाऱ्याच्याच पैशातून जाते.

वकिली_करतो: पैशांपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. जागेच्या बदल्यात नाल घेतली की ती गच्ची १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराचा अड्डा ठरू शकते. कलम ४ जागावाल्यावर, कलम ५ तिथं सापडलेल्यांवर. म्हणजे तुम्हीही त्यात आलात.

विश्रामबागकर: कलमाचं माहीत नव्हतं, आजच सगळ्यांना सांगतो. चहा-भडंगाचे ८०० होतात, ते शंभर-शंभर वर्गणीनं काढू. नाल बंद, नाहीतर मी येत नाही. आमच्यात कुपवाड एमआयडीसीतलं एक पोरगं आहे. चांगलं खेळतं, तरी तीन महिने थोडं थोडं हरतंय. मी त्याला दर वेळी म्हणायचो, तुझ्या खेळातच खोट आहे. एका रात्रीला माणशी साडेपाचशेच्या वर नाल जात असेल तर बिचारं जिंकणार कसं? वही घेऊन उद्या त्याच्या खोलीवर जातोय.