मदत हवी आहे: मोबाइलवर रेंज फुल्ल, पण खाडीचं पाणी चढलं की नेट बसतं

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठी आमचं गाव. जेटीजवळ माझं किराणा दुकान आहे. टॉवर दुकानातून दिसतो, रेंज फुल्ल असते, तरी नेट मधूनच बसतं. मासळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून उभं, स्क्रीनवर चक्र फिरतंय, आणि मासळीवाल्या मावशी टोपलीवर हात ठेवून वाट बघतायत. त्यांचा माल उन्हात थांबत नाही.

आमच्या टॉवरला फायबर नाही. वर एक पांढरी गोल डिश आहे, तिचं तोंड पलीकडच्या काठावरच्या टॉवरकडे. सगळा डेटा त्या मायक्रोवेव्ह लिंकवरून, म्हणजे डिशपासून डिशपर्यंत रेडिओ लहरींनी जातो. पावसात ती ढेपाळते हे समजू शकतो. लहरींची वारंवारता १० गिगाहर्ट्झच्या वर असली की पाऊस सिग्नल खातो, आणि लिंक तुटू नये म्हणून रेडिओ खालच्या मॉड्युलेशनवर, म्हणजे एका वेळी कमी डेटा पाठवायच्या पद्धतीवर उतरतो, की वेग पडला. माझी तक्रार कोरड्या दिवसांची आहे.

तीन आठवडे वहीत वेळा लिहिल्या. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठी भरती असते तेव्हा) पाणी चढताना एकदा आणि उतरताना एकदा, वीस-पंचवीस मिनिटं नेट गायब. भर भरतीला व्यवस्थित चालतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा) तर काहीच त्रास नाही. शेजारचे तांडेल काका वही चाळून म्हणाले, "अरे, हे तर पाण्याचं वेळापत्रक लिहिलंयस तू!"

तेव्हापासून वाटतंय की हे पाण्यावरच्या परावर्तनाचं काम आहे. एक लहर सरळ येते, दुसरी खाडीच्या पाण्यावर आपटून. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की दोन्ही एकमेकींना मारतात. भांगाला पाणी तेवढं चढतच नाही. माझा अंदाज बरोबर आहे का? लिंकवर काम केलेल्या कुणी सांगावं.

वाचलं त्यावरून त्याच टॉवरवर काही मीटर खाली दुसरी डिश लावली तर दोन्हीकडे एकाच वेळी सिग्नल पडत नाही. कंपनीकडे हेच मागू, की डिशची उंची बदलून मागू? काठावरच्या झाडीआड परावर्तन अडेल अशी जागाही आहे.

फायबर आलं तर प्रश्नच मिटेल, पण इथे सगळा जांभा, खोदाई महाग, म्हणून कुणी मनावर घेत नाही. ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर मात्र पोचली आहे. त्यातली मोकळी फायबर भाड्याने घेऊन टॉवर जोडल्याचं कुणी पाहिलंय का? सॅटेलाइट नको, ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यायचं, बोलताना अर्धा सेकंद मागे पडायला होतं.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा फोन बंद करून चालू करायला सांगितलं. तक्रार नेमकी कुठल्या शब्दांत लिहिली की ती ट्रान्समिशनच्या, म्हणजे टॉवरमधल्या लिंक बघणाऱ्या माणसापर्यंत पोचेल? वहीच्या पानांचे फोटो हवे असतील तर आज रात्रीच टाकतो.