यूव्ही ट्यूबने ‘अंतराळातली म्युटेशन्स’ दाखवता येतील का?

गोदाकाठ (नांदेड)
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे: अंतराळातल्या किरणोत्सर्गाने यीस्टमध्ये होणारी म्युटेशन्स. लॅमिनार फ्लोची (जंतुविरहित हवेच्या कपाटाची) यूव्ही ट्यूब, साधा इनक्युबेटर आणि बेकरीचं यीस्ट एवढं हाताशी आहे. अर्धा ते पाच मिनिटं यूव्ही द्यायचा, मग कॅनाव्हॅनिनच्या (यीस्टला मारणाऱ्या विषाच्या) प्लेटवर तगलेल्या कॉलनी मोजायच्या. आराखड्यात काय दुरुस्त करू?

धागेदोरे
आधी शीर्षक. 254 नॅनोमीटरच्या यूव्हीने डीएनएमधले शेजारचे थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि म्युटेशन बहुतेक एका अक्षराचं निघतं. यानाच्या आत हा यूव्ही पोचतच नाही. तिथे पोचतात प्रोटॉन, हेलियमची केंद्रकं आणि थोडी लोखंडासारखी जड केंद्रकं. जड केंद्रक पेशीतून एका रेषेत ऊर्जा ओतत जातं, डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांजवळच्या ठिकाणी तुटतात आणि जोडणी होताना मधला तुकडा गळतो.

डोसचाही हिशोब करून बघा. माणसाच्या पेशीत 1 ग्रेला (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) साधारण 40 ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. यीस्टचा जीनोम फक्त 1.2 कोटी अक्षरांचा, म्हणजे 1 ग्रेला सरासरी 0.07 तुटी. अवकाश स्थानकात दिवसाला पाव मिलिग्रे धरला तर सहा महिन्यांत 300 पेशींमागे जेमतेम एक तूट, आणि तीही बहुतेक वेळा नीट जोडली जाते. आपोआप होणाऱ्या म्युटेशन्सच्या गर्दीत हा परिणाम दिसणारच नाही. म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये नासाच्या आर्टेमिस-1 या चांद्रमोहिमेसोबत गेलेल्या बायोसेंटिनेल या छोट्या उपग्रहामध्ये साध्या यीस्टच्या जोडीला रॅड51 जनुक काढलेलं यीस्टही ठेवलं होतं. तुटलेले धागे जुळवायला हेच जनुक लागतं. वाळवलेलं यीस्ट ओलं करायचं आणि सोबतचा निळा रंग गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं, अशी रचना होती. फार सुंदर प्रयोग आहे, जरूर अभ्यासा.

प्लेटमोजणी (परभणी)
वरच्याशी सहमत. ‘यूव्हीने होणारी म्युटेशन्स’ असं नाव दिलंत तर प्रोजेक्ट उत्तम होईल, पण बेकरीचं यीस्ट सोडा. त्यात प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती असतात, एक बिघडली तरी बाकीच्या काम करतात आणि कॅनाव्हॅनिनवर काहीच उगवत नाही. हॅप्लॉइड (प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेलं) यीस्ट मागवा, बीवाय4741 हा वाण चालेल. डब्ल्यू303 हा वाण नको, त्यात कॅन1 जनुक (कॅनाव्हॅनिन पेशीत घेणारं, जे बिघडलं की पेशी तगते) आधीच बिघडलेलं असतं.

माध्यमात आर्जिनिन (कॅनाव्हॅनिनसारखंच दिसणारं अमिनो आम्ल) अजिबात नको. बीवाय4741 ला हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल मात्र द्यावंच लागतं. कॅनाव्हॅनिन लिटरला 60 मिलिग्रॅम, फिल्टर करून, आगर 55 अंशांवर उतरल्यावर.

पेशी पाण्याने दोनदा धुवा, कारण वायपीडी (यीस्ट वाढवायचं नेहमीचं माध्यम) यूव्ही शोषतं. मिलिलिटरला 1 कोटीपेक्षा दाट ठेवू नका, वरच्या पेशींची सावली खालच्यांवर पडते. पेट्री डिशचं झाकण काढाच. प्लॅस्टिकमधून 254 जात नाही, आणि ‘यूव्हीने काहीच झालं नाही’ हा निकाल बऱ्याचदा तिथूनच येतो. ट्यूब 15 मिनिटं आधी लावून ठेवा. मिनिटं मोजू नका, मीटरने तीव्रता मोजा. चौरस सेंटिमीटरला 100 मायक्रोवॅट असतील तर 50 सेकंदांत चौरस मीटरला 50 ज्यूल होतात. 0, 25, 50, 75, 100 ज्यूल असे डोस घ्या. पाच मिनिटांत बहुतेक पेशी मरतील. त्यानंतरचं सगळं काम लाल दिव्यात आणि प्लेटा फॉइलमध्ये, नाहीतर उजेडात फोटोलायेझ एन्झाइम झालेली इजा भरून काढतं. गॉगल आणि हातमोजे घालाच.

साधा इनक्युबेटर फक्त तापवतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच 40 च्या आसपास असते, मग 30 अंश राहणार कसे? बीओडी इनक्युबेटर (थंडही करणारा) मिळवा किंवा काम डिसेंबर-जानेवारीत उरका.

गोदाकाठ (नांदेड)
खूप आभार. गॅमा मिळाला तर अंतराळाच्या जवळ जाता येईल का?

धागेदोरे
थोडंफार. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी दोन्ही धागे तुटतात, पण तुटी विखुरलेल्या असतात. जड केंद्रकांसाठी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरसारखी सोय लागते, आणि तिथे बीमची वेळ प्रस्ताव देऊन मिळवावी लागते. गॅमासाठी नळ्या बर्फात न्या आणि एक नळी डोस न देता त्याच डब्यातून नेऊन परत आणा. प्रवासात मेलेल्या पेशी वजा करायला तीच लागेल.