अँथ्रासाइट तापवला, एक्सआरडीत 26.6 ला पीक आलं. ग्रॅफाइट झाला का?

कोळसा_एमएस्सी:
नमस्कार. पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात तो अँथ्रासाइट (कडक दगडी कोळसा) प्रोजेक्टसाठी घेतला, खलात बारीक केला आणि नायट्रोजनमध्ये 1000 अंश सेल्सिअसला तासभर तापवला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची रचना तपासायची चाचणी, तांब्याची ट्यूब) 25 अंशांच्या कोनाच्या जरा पुढे पसरट उंचवटा आणि त्याच्या खांद्यावर 26.6 ला सुईसारखं पीक (आलेखातलं टोक) आलं. ग्रॅफाइटचं पीक 26.5 ला येतं, म्हणून 'ग्रॅफाइट तयार झाला' असं लिहून टाकलं. पण आता पाहते तर कच्च्या कोळशातही तीच सुई आहे. शुक्रवारी सेमिनार आहे, कुठे चुकतंय?

भट्टीवाले_काका:
बाळ, ते वाक्य आधी खोड. ती सुई बहुधा क्वार्ट्झची, म्हणजे राखेतल्या वाळूची आहे. 20.9 ला छोटं पीक दिसतंय का बघ. आणखी खात्री हवी तर थोडी पूड उघड्या मुशीत 800 अंशांवर पूर्ण जाळ आणि राखेचं एक्सआरडी काढ. कार्बन जळून जाईल, वाळू राहील.

तुझा कार्बन म्हणजे तो पसरट उंचवटा. त्यात कार्बनचे थर आहेत, पण पत्रावळींची चवड घाईत रचावी तसे: एकावर एक खरे, मात्र प्रत्येक वेगळ्या कोनात फिरलेला. म्हणून थरांमधलं अंतर 0.344 नॅनोमीटरच्या आसपास राहतं. ग्रॅफाइटमध्ये ते 0.3354 असतं. फरक एवढासाच, पण तो भरून काढायला 1000 अंश फारच कमी.

रोझालिंड फ्रँकलिनबाईंचा 1951 चा निबंध मिळवून वाचच. डीएनएच्या रचनेवर काम करण्याआधी त्यांनी कोळशावर किती बारकाईनं काम केलंय! अँथ्रासाइट साधारण 2000 अंशांपर्यंत हट्टी राहतो, थरांना जोडणारे आडवे बंध सुटत नाहीत. त्याच्या पुढे मात्र तो झपाट्यानं ग्रॅफाइटकडे जातो, कारण जमिनीखालच्या दाबानं त्याचे थर आधीच बरेचसे एका दिशेनं निजलेले असतात.

मी 26 वर्षं इलेक्ट्रोड पेस्टच्या (विजेच्या भट्टीतल्या इलेक्ट्रोडसाठीच्या कार्बनच्या लगद्याच्या) कारखान्यात होतो. आमच्या उभ्या भट्टीत वीज थेट कोळशातूनच जायची, त्यामुळे मध्यभाग कडेपेक्षा कितीतरी जास्त तापायचा. नव्या पोरांना मी दोन खडे द्यायचो. मधला खडा कागदावर पेन्सिलीसारखा काळा उमटायचा, कडेचा कागद फाडायचा. कोळसा एकच, भट्टीही एकच.

सोडियम_सेल:
काकांशी सहमत. पण ग्रॅफाइट झाला नाही म्हणून नाराज होऊ नकोस. ग्रॅफाइटच्या थरांत सोडियम जवळजवळ शिरतच नाही, या विस्कळीत कार्बनात शिरतो. 2016 मध्ये बीजिंगच्या गटानं अँथ्रासाइट 1200 अंशांवर तापवून सोडियम बॅटरीचा अ‍ॅनोड (ऋण टोक) केला, क्षमता ग्रॅममागे सुमारे 220 मिलिअँपिअर-तास मिळाली. जमलं तर 1200 आणि 1400 चेही नमुने कर, उंचवटा कसा सरकतो ते दाखव.

कोळसा_एमएस्सी:
काका, 20.9 ला पीक आहे! मी त्याला नॉइज समजून सोडून दिलं होतं. काल 1 ग्रॅम पूड जाळली, 0.09 ग्रॅम विटकरी राख उरली. तिच्या एक्सआरडीत उंचवटा गायब, सुई मात्र आधीपेक्षा उंच. वाक्य खोडलं. आमची भट्टी 1200 पर्यंतच जाते, सोमवारी तो नमुना लावते.