विषय: उत्तर: बँकांवर जादा कर लावावा का?

> दर व्यवहारावर किरकोळ कर लावा. कोणाला कळणारही नाही आणि तिजोरी भरेल.

नमस्कार मंडळी,

बँकांनी जास्त कर द्यावा, हे मलाही मनापासून पटतं. त्या बुडायला लागल्या की सरकार धावून येणार, या भरवशावरच मोठ्या बँकांना बाजारात स्वस्तात पैसा मिळतो. पण व्यवहार-कराचं यश तो कशाला चिकटवलाय यावर ठरतं.

स्वीडनने १९८४ मध्ये शेअरच्या खरेदीवर अर्धा आणि विक्रीवर अर्धा टक्का कर लावला, १९८६ मध्ये तो दुप्पट केला. कर होता स्वीडिश दलालामार्फत झालेल्या सौद्यावर. परदेशी दलाल गाठला की सुटका! १९९० पर्यंत तिथल्या शेअरांची निम्म्याहून जास्त उलाढाल लंडनला गेली होती. १९८९ मध्ये रोख्यांवर लावलेला कर तर टक्क्याच्या काही हजारांश इतकाच होता, तरी पहिल्याच आठवड्यात रोख्यांची उलाढाल सुमारे ८५ टक्क्यांनी पडली, कारण तेच काम भागवणारे करमुक्त स्वॅप (व्याजाच्या रकमांची अदलाबदल करण्याचे करार) हाताशी होते. १९९१ अखेर सगळं गुंडाळलं.

ब्रिटनमध्ये शेअरखरेदीवरचं अर्धा टक्का मुद्रांक शुल्क मात्र टिकलंय. ते ब्रिटिश कंपनीच्या शेअरला चिकटलेलं आहे, सौदा कुठेही करा.

---

> मुद्रांक शुल्क मात्र टिकलंय.

टिकलंय खरं, पण भरतं कोण? सतत भाव देणारे मध्यस्थ त्यातून वगळलेत, पेन्शन फंड मात्र वगळलेले नाहीत. शेअर दहा वर्षं ठेवला तर हा भार वर्षाला ०.०५ टक्के पडतो. दरवर्षी सगळे शेअर पालटले तर वर्षाला अर्धा टक्का, आणि तो निवृत्तांच्या पैशातून जातो.

म्हणून मी बँकेच्या ताळेबंदातल्या देण्यांवर, म्हणजे तिने इतरांकडून घेतलेल्या पैशावर, कर लावा म्हणेन. ब्रिटनने २०११ मध्ये तेच केलं. भागभांडवल आणि विमासंरक्षित ठेवी वगळल्या, पहिले २० अब्ज पौंड सोडले, वर्षाहून लांब मुदतीच्या देण्यांना निम्मा दर ठेवला. पूर्ण दर पडला तो अल्पमुदतीच्या उसनवारीवर. संकटात हीच उसनवारी रातोरात आटते आणि बँक कोसळते. मला यातली ही बाजू महसुलापेक्षा मोलाची वाटते.

अचानक लावलेल्या नफा-कराचं काय होतं ते इटलीत दिसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के कर जाहीर झाला, बँकांचे शेअर आपटले, दुसऱ्याच दिवशी सरकारने कमाल मर्यादा घातली. पुढे कराच्या अडीच पट रक्कम बँकेने स्वतःच्याच राखीव निधीत ठेवली तर कर माफ, अशी वाट दिली. बड्या बँकांनी तीच धरली. तिजोरीत जवळजवळ काहीच आलं नाही.

---

देण्यांवरचा कर मान्य. पण बँका तो कर्जदारावर ढकलतात, त्याची सोय आधी हवी. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये १०० अब्ज डॉलरहून जास्त देणी असलेल्या बँकांवर वर्षाला ०.०६ टक्के लावला. त्यात पाचच बँका आल्या. पूर्ण भार कर्जदारावर टाकला तरी शंभर डॉलरमागे वर्षाला साधारण सहा सेंट. लहान बँका मोकळ्या असल्याने बड्यांना दर वाढवताना गिऱ्हाईक जाण्याची धास्ती राहते. शिवाय स्पर्धा आयोगाला जून २०१८ पर्यंत त्या पाचांच्या गृहकर्जाच्या दरांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. माझ्या मते एवढी मुदत अपुरी होती, कारण कर दरवर्षी द्यावा लागतो आणि व्याजदर बँकांना केव्हाही वाढवता येतो.